५०० इडियम्स पाठ केले, तरी कॉलवर गडबड होतेच

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ३८, राहणार नागपूर. शाळा काटोल तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, मराठी माध्यम. मग इंजिनिअरिंग, आता बुटीबोरीच्या एका कंपनीत क्वालिटीचं काम. वर्षभरापासून परदेशी कस्टमरचे कॉल आणि मेल यांच्याकडे आलेत. इंग्रजी वाचता-लिहिता चांगलं येतं, अडतं ते इडियम्सपाशी, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांपाशी. अमेरिकन कस्टमर प्लांट व्हिजिटबद्दल म्हणाला 'कॅन वी टेक अ रेन चेक', तर यांनी उत्तर दिलं 'सर, नागपूरला अजून पाऊस नाही, जूनच्या मध्यात येतो'. नंतर एका कॉलवर लंडन ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या 'लेट्स टेबल धिस', ते ऐकून अमेरिकन कस्टमर पुढच्या विषयावर गेला, मॅडम आधीच्याच विषयावर बोलत राहिल्या, आणि यांना कळेना कोणाचं ऐकायचं. मग यांनी ५०० इडियम्सची पीडीएफ मिळवून रोज पाठांतर केलं. कॉलवर 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हटलं तर कोणीतरी हसलं, शेजारी बसलेला इंग्लिश मीडियमचा ज्युनिअरही हसला. कस्टमरला मेलमध्ये 'नाऊ द बॉल इज इन युवर कोर्ट' लिहिलं तर आठवडाभर उत्तर नाही, मग आलं ते एका ओळीचं, कोरडं. बॉस म्हणतात कम्युनिकेशन सुधारा. ३८ व्या वर्षी हे जमेल का, आणि ३५ हजारांचा इडियम्सचा कोर्स लावू का?

उत्तर:

भाऊ, आधी ते टेबलचं प्रकरण निपटवून टाकू, कारण त्यात तुमची काहीच चूक नव्हती आणि तुम्ही मात्र ती स्वतःच्या नावावर लिहून बसले. ब्रिटिश माणूस 'टेबल करू' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, विषय चर्चेला घ्या, आत्ताच. अमेरिकन माणूस तेच म्हणतो तेव्हा विषय बाजूला ठेवा, नंतर पाहू. एकदम उलटं! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांची याच शब्दावरून चांगलीच जुंपली होती, ब्रिटिशांना एक कागद अर्जंट म्हणून चर्चेला घ्यायचा होता, ते म्हणाले टेबल करू, अमेरिकनांना वाटलं हे तर कागद ड्रॉवरमध्ये टाकायला निघाले, आणि बराच वेळ भांडून झाल्यावर कळलं की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. चर्चिलने हे स्वतःच्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय. म्हणजे ज्यांची मायबोली इंग्रजी, आणि ज्यांच्या हातात अख्खं युद्ध, त्यांचं हे झालं. तुमच्या कॉलवरही तेच झालं, लंडनवाल्या मॅडम आणि अमेरिकन साहेब दोघंही आपापलं बरोबर बोलत होते आणि कुठंतरी गडबड आहे हे फक्त तुमच्या लक्षात आलं. तिथं एकच वाक्य पुरलं असतं, 'सॉरी, आर वी डिस्कसिंग धिस नाऊ ऑर लेटर?' हे विचारायला ५०० इडियम्स लागत नाहीत, आणि त्या दोघांचाही वेळ वाचला असता.

आता रेन चेक. तुमचं उत्तर वाचून मला हसू आलं हे खरं, पण ते उत्तर अगदीच निराधार नव्हतं, त्याच्यात पाऊस आहेच. अमेरिकेत बेसबॉलची मॅच पावसामुळे झाली नाही तर प्रेक्षकांना दुसऱ्या दिवशीच्या मॅचला तेच तिकीट चालायचं, त्या तिकिटाला रेन चेक म्हणायचे, साधारण १८८० च्या दशकापासूनची ही पद्धत. तिथून अर्थ आला, आत्ता नको, पुन्हा कधीतरी. पण एक बारकी गोष्ट पीडीएफमध्ये नसते, ती अशी की बरेचदा हे 'पुन्हा कधीतरी' म्हणजे आपलं 'बघू, येऊ एखाद वेळी' असतं, माणूस नाही म्हणत नाही पण तारीखही देत नाही. म्हणून रेन चेक ऐकलं की लगेच, 'शुअर, शल वी लुक ॲट ऑगस्ट?' असं विचारून घ्यायचं. महिना सांगितला तर येणार आहे, 'आय विल लेट यू नो' म्हणाला तर कॅन्टीनवाल्याला सध्या काही सांगू नका.

आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं याचं कारण तुमची शाळा नाही. बेसबॉल आपण पाहत नाही, संपलं. बॉलपार्क फिगर, टच बेस, आउट ऑफ लेफ्ट फील्ड, स्टेप अप टू द प्लेट, अमेरिकन ऑफिसमधलं अर्धं बोलणं त्या मैदानावरून आलेलं असतं. तुमच्या त्या कस्टमरला 'वी आर ऑन अ स्टिकी विकेट' म्हणून बघा, त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. पूर्वी पिच झाकत नव्हते, पाऊस पडून गेल्यावर ऊन लागलं की चेंडू कसाही उसळायचा, वळायचा, बॅट्समनची दैना, त्यावरून अडचणीची परिस्थिती म्हणजे स्टिकी विकेट. तुम्हाला हे समजावून सांगावं लागत नाही, तुम्ही जामठ्याला मॅच पाहिली असेल, २०२२ मध्ये तिथं भारत-ऑस्ट्रेलियाची टी-ट्वेंटी ओल्या मैदानामुळे आठ-आठ ओव्हरची झाली तेव्हा अख्खं नागपूर आउटफिल्ड आणि ड्रेनेजवर एक्स्पर्ट होऊन बोलून राहिलं होतं. जो खेळ गावात खेळतात त्याचे शब्द गावाच्या तोंडात असतात. बेसबॉलचे शब्द तुमच्या ज्युनिअरच्याही तोंडात नसतात बरं का, कॉन्व्हेंटमध्ये निबंधासाठी 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' आणि 'ऑल दॅट ग्लिटर्स' घोकून घेतात, अमेरिकेतल्या फॅक्टरीचा मॅनेजर फोनवर काय बोलतो ते कोणीच शिकवत नाही. त्याला उद्या विचारा रेन चेक म्हणजे काय. चिडवायला नाही, सहज.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही कुठंही लिहिलेली नाही पण प्रत्येक ओळीत आहे, ती म्हणजे चांगलं इंग्रजी म्हणजे इडियम्सवालं इंग्रजी. इथं मी थांबवते तुम्हाला. इडियम्स कळणं आणि इडियम्स वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत. कळायला शेकडो लागतात, वापरायला आयुष्यभर वीस-पंचवीस पुरतात, आणि तुम्ही पाचशेच्या पाचशे एकदम बोलायला काढले.

मांजरं-कुत्रीच घ्या. ते वाक्य व्याकरणात बरोबर आहे, अर्थही बरोबर, जोराचा पाऊस. फक्त ते म्हातारं झालंय. जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात ते सापडतं, आणि ते पुस्तक कशावर होतं तर बैठकीतल्या गुळगुळीत, घासून झिजलेल्या बोलण्याची टिंगल करण्यावर. म्हणजे जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच ते शिळं झालेलं होतं, आणि आपल्याकडच्या प्रत्येक लिस्टमध्ये ते अजून पहिल्या पानावर! (ते गवताच्या छपरावरून मांजरं-कुत्री घसरून पडायची म्हणून असं म्हणतात, ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट मात्र सोडून द्या, तिला काही आधार नाही.) आजचा माणूस साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतो. कोणी हसलं असेल तर बहुधा त्यांना त्यांची आजी आठवली असेल, तुमच्या इंग्रजीला कोणी हसलं असं मला तरी वाटत नाही.

बॉल इन युवर कोर्टचं मात्र वेगळं आहे, तिथं कस्टमरला खरंच टोचलं असेल. अर्थ तुम्हाला बरोबर माहीत होता, आता पुढचं पाऊल तुमचं. पण सूर? समजा तुमच्या ऑफिसात एखादा तमिळ इंजिनिअर आहे, मराठी शिकायची त्याला खूप हौस, त्याने म्हणींचं पुस्तक पाठ केलं आणि रिव्ह्यू मीटिंगमध्ये डायरेक्टरसमोर म्हणाला, 'सर, नाचता येईना अंगण वाकडं.' म्हण बरोबर, उच्चार बरोबर, प्रसंगही कदाचित अगदी बरोबर, आणि तरी सगळे चूप. इंग्रजीतही तसंच आहे. 'बॉल इज इन युवर कोर्ट' बरोबरीच्या माणसाला, बोलता बोलता, चालतं. कस्टमरला मेलमध्ये लिहिलं की ते असं वाचलं जातं, आमचं काम झालं, आता तुम्ही बघा. त्याच्याऐवजी साधं 'प्लीज लेट अस नो हाउ यू वुड लाइक टू प्रोसीड'. यात एकही इडियम नाही आणि कोणी रागावत नाही. पुढच्या मेलमध्ये माफी वगैरे मागत बसू नका, फक्त कामाचा एक चांगला, सविस्तर, मदत करणारा मेल पाठवा, तेवढ्याने सुरळीत होतं.

तुमच्या कामात कोणते इडियम्स कान टवकारून ऐकायचे ते सांगते, कारण क्वालिटीमध्ये काहींचा अर्थ पैशात जातो. कस्टमर म्हणाला 'समवन इज कटिंग कॉर्नर्स', तर तो पार्टच्या कोपऱ्यांबद्दल बोलत नाहीये, तो म्हणतोय तुम्ही काम उरकायला स्टेप गाळता, पैसे वाचवता. हा आरोप आहे, गंभीर आहे, याला हसून 'ओके सर' म्हणायचं नाही, लगेच विचारायचं कुठली स्टेप, कुठला लॉट. 'इट फेल थ्रू द क्रॅक्स' म्हणाला तर कास्टिंगमध्ये क्रॅक शोधायला कोणाला पाठवू नका, त्याचं म्हणणं आहे एखादी गोष्ट कोणाच्याच लक्षात राहिली नाही, हा माणूस समजला तो माणूस करेल आणि राहून गेलं. 'गिव्ह मी अ बॉलपार्क' म्हणजे अंदाजे आकडा द्या, आणि क्वालिटीवाल्यांची सवय असते तीन दशांश स्थळांपर्यंत सांगायची, म्हणून तुम्ही म्हणता उद्या चेक करून सांगतो आणि त्याला वाटतं हे लपवून राहिले. अंदाजे सांगा, आणि 'रफली' असं म्हणून सांगा. 'पुश बॅक' म्हणजे विरोध, 'हेड्स अप' म्हणजे आधीच दिलेली सूचना, 'सर्कल बॅक' म्हणजे या विषयाकडे परत येऊ, आणि खरं सांगू का, बरेचदा कोणीच परत येत नाही, म्हणून तारीख तुम्ही टाका.

लंडनवाल्या मॅडमचं ऐकताना थोडं उलटं डोकं लावावं लागतं. त्यांचं 'नॉट बॅड' म्हणजे बरेचदा चांगलंच झालंय. 'क्वाइट गुड' मात्र ब्रिटिश तोंडी 'ठीक आहे, बरं आहे' असू शकतं, अमेरिकन तोंडी ती बऱ्यापैकी स्तुती असते. आणि 'आय हिअर व्हॉट यू आर सेइंग' म्हणाल्या की समजा पटलेलं नाहीये. पुढे 'बट' येतोच.

आता एक असा, जो कळावा पण कधीही वापरू नये. अमेरिकन ऑफिसात एखाद्याबद्दल म्हणतात 'ही हॅज ड्रंक द कूल-एड', म्हणजे हा आंधळा भक्त झालाय, कंपनी म्हणेल ते खरं मानतो. लिस्टमध्ये हा 'फनी ऑफिस इडियम' म्हणून येतो. त्याच्या मागे काय आहे तर नोव्हेंबर १९७८, दक्षिण अमेरिकेतल्या गयानामधलं जोन्सटाउन, एका पंथाच्या नेत्याच्या हुकमावरून विष कालवलेलं सरबत घेऊन ९०० हून जास्त माणसं गेली, त्यात शेकडो मुलं होती, आणि सगळ्यांनी काही मर्जीने घेतलं नव्हतं. बरं, ते सरबत बहुतेक कूल-एड नव्हतंच, फ्लेवर-एड नावाचं दुसरंच होतं, बदनामी मात्र कूल-एडच्या वाट्याला आली. मूळ अमेरिकन माणूसही हे विचार न करता बोलून जातो. पण ज्याला ते माहीत आहे, ज्याच्या घरातला कोणी त्या काळात तसल्या पंथात होता, त्याच्यासमोर आपण शिकलेला नवा इडियम म्हणून हौसेने टाकावा असा हा शब्द नाही. कोणी वारल्याबद्दलही तेच, 'किक द बकेट' अर्थाने बरोबर आहे पण कोणाच्या वडिलांच्या निधनाच्या मेलमध्ये लिहिला तर तो कस्टमर तुमच्याशी परत बोलणार नाही. तिथं साधं 'पास्ड अवे'.

यावरून आठवलं, आपले स्वतःचे पण इडियम्स आहेत आणि ते आपल्याला दिसत नाहीत. 'आय पास्ड आउट इन २००९' असं आपण सगळेच म्हणतो, अमेरिकन माणसाला ऐकू येतं की २००९ मध्ये हा चक्कर येऊन पडला. 'आउट ऑफ स्टेशन', 'प्रीपोन', 'डू द नीडफुल', हे आपल्या देशात चालणारं इंग्रजी आहे, बुटीबोरी ते बंगळुरू बिनधास्त चालवा, मी त्याला चूक म्हणणाऱ्यांतली नाही. फक्त बाहेरच्या मेलमध्ये 'डू द नीडफुल'ऐवजी नेमकं काय करायचं ते लिहा. समोरच्याला नीडफुल म्हणजे नक्की काय हे कधीकधी खरंच कळत नाही, आणि खरं तर आपल्यालाही माहीत नसतं, म्हणूनच आपण तसं लिहितो.

पाठांतराबद्दल. ती पीडीएफ डिलीट करा असं नाही म्हणत, पण बंद करून ठेवा. एक वही करा, किंवा फोनमधलं नोट्स, आणि त्यात फक्त तुमच्या कानावर पडलेलं किंवा तुमच्या मेलमध्ये आलेलं लिहा, पूर्ण वाक्य, कोण बोललं, कोणाला, कशाबद्दल. नुसता इडियम आणि त्याच्यासमोर मराठी अर्थ लिहिला की घात होतो, म्हणजे बघा, इंग्रजीत 'पुलिंग युवर लेग' म्हणजे तो गंमत करतोय, आणि आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे काय ते ऑफिसात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. मग घरी आल्यावर लाँगमन किंवा केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी फुकट आहे, तिथं अर्थाच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ओल्ड-फॅशन्ड, इन्फॉर्मल, स्पोकन, ब्रिटिश, अमेरिकन. अर्थापेक्षा ते बारीक अक्षर आधी वाचा. यूग्लिश नावाच्या साइटवर इडियम टाकला की खऱ्या व्हिडिओंमधून माणसं तो बोलताना ऐकू येतात, ब्रिटिश, अमेरिकन वेगळं निवडता येतं. आणि स्वतः वापरायचा तो कधी, तर वेगवेगळ्या दोन-तीन माणसांकडून, तुमच्यासारख्याच प्रसंगी, तुमच्याच हुद्द्याच्या आसपासच्या माणसाच्या तोंडून ऐकला की. तेव्हा तो जसाच्या तसा उचला, एक शब्दही बदलू नका, कारण इडियममधला एक शब्द इकडचा तिकडे झाला की साध्या वाक्यातल्या चुकीपेक्षा जास्त उठून दिसतो. 'द बॉल इज इन युवर ग्राउंड' म्हटलं की संपलं.

कॉलवर नाही कळलं तर? हे तुम्ही विचारलं नाही पण खरी भीती ही आहे. 'व्हॉट इज द मीनिंग' असं विचारायला लाज वाटते ना, तर ते विचारूच नका, तुम्हाला काय समजलं ते सांगा. 'सो जस्ट टू कन्फर्म, वी होल्ड द शिपमेंट टिल फ्रायडे, राइट?' चुकलं असेल तर ते लगेच दुरुस्त करतात, बरोबर असेल तर तुम्ही व्यवस्थित माणूस म्हणून ओळखले जाता. आणि कॉल संपल्यावर अर्ध्या तासात चार ओळींचा मेल, कोण काय कधी करणार, एकदम साध्या इंग्रजीत. टेबलसारखं काही झालं असेल तर ते त्या मेलमध्येच उघडं पडतं. जपान, जर्मनी, ब्राझीलचा कोणी त्या कॉलवर असेल तर तो तर मनातल्या मनात तुम्हाला दुवा देईल, कारण त्यालाही बेसबॉल कळत नाही.

आता बॉसचं. ते म्हणाले कम्युनिकेशन सुधारा, आणि तुम्ही ऐकलं इडियम्स शिका. काहून? त्यांनी तसं म्हटलं का? मला वाटतं नसेल म्हटलं. आपल्याकडच्या साहेबलोकांच्या तोंडी कम्युनिकेशन म्हणजे काहीही असू शकतं, प्रॉब्लेम उशिरा सांगता, मेल फार लांब लिहिता, कॉलवर गप्प बसता, कस्टमरला नाही म्हणत नाही, किंवा नुसतंच अप्रेझल फॉर्मवर काहीतरी लिहायचं होतं. कोर्सचे पैसे भरण्याआधी त्यांच्याकडे चहाच्या वेळी जा आणि एक उदाहरण मागा, सर, कुठल्या कॉलमध्ये, कुठल्या मेलमध्ये, म्हणजे मी तेच धरून सुधारतो. त्यांनी रेन चेकचंच नाव काढलं तर ठीक, नाही काढलं तर तुम्ही भलत्याच ठिकाणी औषध लावून राहिले होते.

३५ हजारांच्या कोर्सवाल्यांना फोन करून एकच विचारा, माझे स्वतःचे मेल आणि कॉलचे मुद्दे घेऊन शिकवाल का, कंपनीची नावं आणि आकडे काढून. हो म्हणाले आणि एक डेमो क्लास दिला, तर विचार करा, तरी महिन्याच्या हप्त्याने भरा, एकदम नाही. त्यांनी 'आमच्याकडे दीड हजार इडियम्सचं मटेरियल आहे' असं सांगितलं तर फोन ठेवून द्या. आणि ३८ म्हणजे काही वय नाही हो, तुम्ही मराठी शाळेतून येऊन इंजिनिअरिंगची अख्खी पुस्तकं इंग्रजीतून काढली, ते यापेक्षा कितीतरी अवघड होतं.